काठावर राहिलेली तेरा पानं

१

त्या कादंबरीचे नऊ खंड एकावर एक रचले तर त्यांच्यावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढता येतो. ही थाप नव्हे. ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या कादंबरीची मालिका करायचं काम चाललं होतं, तिथे पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानं खरोखरच तसं केलं होतं, आणि नवव्या खंडाच्या पुठ्ठ्यावर त्याच्या बुटाचा ठसा अजून आहे.

कादंबरीची नायिका सुईण. कुठल्याही शतकात कुठेही बाई अडली की हिच्या पायाखालची जमीन सरकायची आणि ही थेट तिथे, हातात कात्री आणि दोरा. नऊ खंडांत सहाशे वर्षं, चार लढाया, अकरा राजे आणि सातशे बाळंतपणं. एक राजा तर तिच्या हातून दोनदा जन्मला, असं एका वाचकानं वंशावळ काढून सिद्ध केलं होतं. लेखिकेनं त्याला कार्ड पाठवलं, "तो होताच तसा हट्टी."

आता एवढा पसारा टीव्हीच्या पेटीत बसवायचा म्हणजे हत्तीला बरणीत घालण्यासारखं. त्यासाठी भिंतभर कार्डं टाचली होती, चारशे बारा. ती कार्डं इकडची तिकडे होऊ नयेत, एका भागात भाजलेला अंगठा पुढच्या भागात गुळगुळीत दिसू नये, म्हणून एक बाई नेमली होती. तिला सगळे जुळणीताई म्हणत. पहिल्या दृश्यात कपाचा कान उजवीकडे असला तर दुसऱ्यातही तो उजवीकडेच हवा, हे बघण्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. सवयच अशी लागली होती की एका लग्नात तिनं नवरदेवाला थांबवून सांगितलं, "मघाशी तुमचा रुमाल डाव्या खिशात होता." रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी ती सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवायची. कोणी काय हलवलं ते सकाळी कळावं म्हणून.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला ती भिंतीसमोर उभी होती आणि तिला जाणवलं की काहीतरी थांबलंय. शेजारच्या खोलीतल्या टाइपरायटरची खटखट.

दार उघडलं. टंकलेखिका बाहेर आली. साठीची, बुटकी, पदर खोचलेला. हिला सगळे खटखटमावशी म्हणायचे. तिच्या हातात लेखिकेची फाइल होती आणि चेहरा कागदापेक्षा पांढरा.

"जुळणीताई," ती म्हणाली, "शेवटच्या प्रकरणाची पानं नाहीत."

२

नववा खंड नुकताच छापून आला होता, पण त्यात शेवट नव्हता. लेखिकेनं तो प्रकाशकाला दिलाच नव्हता. "शेवट मालिकेत आधी दिसू दे," असं म्हणून ती हसली होती, आणि मग तेहेतीस पानं हातानं लिहून काढली होती. प्रत एकच. छायाप्रत काढू देत नव्हती, फोटो काढू देत नव्हती. वाहिनीशी करार असा की आज संध्याकाळी पाचपर्यंत टाइप केलेला शेवट हातात पडला तर तोच दाखवायचा. नाही पडला, तर शेवट वाहिनी ठरवेल. आणि वाहिनीच्या शेवटात सुईण एका सेनापतीशी लग्न करून घोड्यावरून जाणार होती.

लेखिका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेन्सिलींना टोक काढत होती. वय एक्याऐंशी. सगळे तिला बाई म्हणत.

"बाई," जुळणीताई म्हणाली, "एकवीस ते तेहेतीस पानं नाहीत. वीसपर्यंतची जागच्या जागी आहेत."

"अस्सं?" बाईंनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "बरं जमलं. वीसच्या शेवटी ती नदीपाशी पोचते. चांगली जागा आहे थांबायला."

"अहो, थट्टा काय करताय! पुढे काय आहे ते तरी सांगा. तोंडी सांगा, मावशी उतरवून घेईल."

"छे! मी शेवट तोंडी सांगत नाही. आणि तिला तर मुळीच नाही. तीस वर्षांत तिनं कधी पुढचं पान उलटून बघितलेलं नाही. एक पान टाइप करायचं, मग दुसरं उचलायचं. मी आत्ता सांगितलं तर तिची मजा जाईल."

"मग परत लिहाल?"

"पाच वाजेपर्यंत? अगं, हात थरथरतो आता. पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं होतं, अकरा पानं. आता दिवसाला एक पान होतं. तेही बरा दिवस असला तर." बाईंनी दुसरी पेन्सिल उचलली. मग मान तिरकी करून विचारलं, "आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मघाशी पण गुरुवारच होता का?"

मघाशीही त्यांनी हेच विचारलं होतं.

३

फाइल ज्या कपाटात असायची त्याला दोन किल्ल्या. एक लेखिकेच्या जावयाकडे, दुसरी दारामागच्या खिळ्याला. खिळा सगळ्यांना माहीत होता, पंखेवाल्यालासुद्धा.

मुख्य लेखकाला सगळे पाठीमागे कात्री म्हणत, आणि तो ते अभिमानानं मिरवायचा. त्यानं अकरा राजांचे तीन राजे केले होते, चार लढायांची एक लढाई आणि सात सासवांची एक सासू.

"माझ्यावर संशय?" तो भडकला. "अहो, मी कापतो, पण सगळ्यांसमोर कापतो! तुम्ही बघताय ना भिंत?"

"तुम्हाला तुमचा शेवट लिहायचा होता ना?"

"होता. मागच्या महिन्यात. मग मी बाईंची ती पहिली वीस पानं वाचली, मावशीनं टाइप केलेली. रात्री बायकोला उठवून वाचून दाखवली. बायको म्हणाली, हे असं लिहायला शीक जरा." तो खुर्चीत बसला. "पुढचं वाचायला मीच तडफडतोय. आणि चोरून वाचणार तरी कसं? बाईंचं अक्षर कधी पाहिलंय? मुंग्यांची वरात बरी."

ते खरं होतं. बाईंचं अक्षर जगात दोनच माणसांना लागायचं, एक बाई आणि दुसरी मावशी. बाईंनी लिहिलेली वाणसामानाची यादी घेऊन जावई एकदा बाजारात गेले आणि शिडी घेऊन आले होते.

वाहिनीच्या मॅडम घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होत्या.

"मला शेवटच नकोय, खरं सांगायचं तर," त्या म्हणाल्या. "शेवट झाला की पुढच्या वर्षी काय दाखवू? पण म्हणून मी पानं पळवीन? मी पळवली असती तर अख्खी फाइल पळवली असती. अर्धी कशाला ठेवू?"

"चोरी झाली म्हणून मुदत वाढेल?"

मॅडम थांबल्या. आवाज खाली आला. "मी सकाळीच फोन केला वर. मावशीनं हात धरून विनवलं म्हणून केला. नाही म्हणाले. पाच म्हणजे पाच."

जुळणीताईनं मनात दोन गाठी मारल्या. अख्खी फाइल सोडून अर्धीच का नेली? आणि फाइल हरवल्याचं ओरडायच्या आधीच मुदत वाढवायची विनवणी मावशीनं केली?

"केव्हा विनवलं?" तिनं विचारलं.

"आल्या आल्या. दहाला."

पानं नाहीत हे तिनं सांगितलं अकराला.

४

जावईबापू जिन्यात उभे होते. हातात एक लिफाफा, तो ते सारखा घडी घालत होते आणि उलगडत होते.

"डॉक्टरची वेळ घेतलीय," ते म्हणाले. "उद्याची. आईंना अजून सांगितलं नाही."

"कसली वेळ?"

त्यांनी जिन्याच्या खालीवर बघून घेतलं. "मागच्या आठवड्यात त्या घरी येताना चुकल्या. म्हणजे गल्ली बरोबर, घर चुकलं. शेजारच्यांची बेल वाजवून त्यांनाच विचारत होत्या, तुम्ही माझ्या घरात काय करताय? पंचवीस वर्षं राहतोय हो आम्ही तिथे." त्यांनी लिफाफा परत उलगडला. "लोकांना वाटतं मला शेवट लवकर उरकायचाय. उरकायचाय! त्यांना घरी बसवून आराम द्यायचाय. पण पानं मी नाही घेतली. घेतली असती तर त्यांच्याकडे बघायला तोंड उरलं नसतं."

"हे घर चुकल्याचं कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. बायकोला. आणि खटखटमावशीला. तीच तर त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्या दिवसापासून ती बाईंकडे अशी बघते, जसं काही काचेचं भांडं."

जुळणीताईचे पाय जिन्यावरच थबकले. वरून टाइपरायटरची खटखट येत नव्हती. तीस वर्षांत इतका वेळ कधी थांबली नसेल.

५

दुपारी सगळे चहाला खाली गेले तेव्हा ती मावशीच्या खोलीत शिरली. खोली म्हणजे टेबल, टाइपरायटर, केराची टोपली आणि भिंतीशी नऊ खोकी. बाईंनी नऊही खंडांची मूळ हस्तलिखितं संदर्भासाठी इथे आणून ठेवली होती, प्रत्येक खोक्यावर खंडाचा आकडा.

आधी टोपली. तीत एकच चीज होती, कार्बनचा कागद. जवळजवळ नवा.

आता मावशीचा कार्बन ही त्या मजल्यावरची दंतकथा होती. ती एक कार्बन इतके दिवस वापरायची की शेवटी त्यातून पलीकडचं माणूस ओळखू यायचं. तिनं कोरा कार्बन एकदाच वापरून फेकला, म्हणजे एखाद्या कंजुषानं पेढा एकदा चावून फेकावा तसं झालं.

जुळणीताईनं तो खिडकीला धरला. उजेडात पांढऱ्या रेषांत अक्षरं उमटली होती.

'धुकं इतकं दाट होतं की नावाड्याला आपल्याच वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं.'

हे वाक्य कोणाला माहीत नव्हतं? नऊ खंडांचं हे पहिलं वाक्य. तीस वर्षांपूर्वीचं. पहाटेच्या धुक्यात एक करडी शाल पांघरलेली बाई नदीच्या काठावर येते, नावाड्याच्या ओंजळीत तासाभराचं मूल ठेवते, नाव निघून जाते. ते मूल म्हणजे पुढे मोठी होऊन सुईण झालेली नायिका. त्या बाईचं तोंड कोणी बघत नाही, फक्त तिच्या अंगठ्यावर भाजल्याची खूण दिसते.

मावशीनं हे आता परत का टाइप केलं?

तिनं मोबाइल काढला. काल संध्याकाळचा फोटो. नऊ खोकी, नऊ आकडे, सगळे बाहेरच्या बाजूला. आता समोर बघितलं. दोन, तीन, चार, नऊपर्यंत आकडे होते. पहिल्या खोक्याचा आकडा भिंतीकडे वळला होता.

"उघडू नकोस गं," मागून आवाज आला. मावशी दारात उभी होती. "तुझ्या पाया पडते."

६

जुळणीताईनं दार लावून घेतलं आणि मावशीला तिच्याच खुर्चीत बसवलं.

"मावशी, मी सांगते, चुकलं तर थांबव. ज्याला अक्षर लागत नाही तो चोर अख्खी फाइल उचलेल. त्याला काय कळणार, कुठे काय आहे? हा चोर बरोबर एकवीसपासून पुढचीच पानं उचलतो. म्हणजे त्यानं एकविसावं वाचलंय. आणि तू तर दहालाच मुदत मागायला गेलीस, चोरी कळायच्या एक तास आधी."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"मी वाचलं नाही गं," ती म्हणाली. "माझ्या बोटांनी वाचलं. काल एकवीस लावलं, आणि बोटं माझ्या डोळ्यांच्या पुढे पळायला लागली. बाईंचं वाक्य अजून बघितलेलं नाही आणि माझं टाइप झालेलं! मला कळेना, मला भूतबाधा झाली की काय. मग लक्षात आलं. हे मी टाइप केलंय. तीस वर्षांपूर्वी. शब्द न् शब्द तोच."

"किती पानं टाइप केलीस?"

"एक. मग घाबरून पुढची तीन नुसती वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच. सगळं तेच. धुकं तेच, नावाडी तोच. बाई शेवट लिहायला बसल्या आणि त्यांनी पहिलंच प्रकरण परत लिहून दिलं." तिला हुंदका आवरेना. "त्यांना कळलंसुद्धा नाही. जसं ते घर. मी हे टाइप करून या लोकांच्या हातात देऊ? म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणून हसू देऊ? पानं चोरीला गेली म्हटलं तर लोक हळहळतील तरी. मुदत मिळेल असं वाटलं, मी हळूच सुचवीन, बाई परत लिहितील... शेवट गेला तर गेला. पण बाईंचं हसं मला बघवलं नसतं."

"आणि जाळली नाहीस."

"जाळू? बाईंचं अक्षर?" मावशी चिडलीच. "त्या पानांच्या जुन्या भावंडांशेजारी ठेवलीत नीट. पहिल्या खोक्यात."

जुळणीताईनं खोकं उघडलं. वर नवी पानं, खाली पिवळी पडलेली जुनी. तिला दोन्हीतलं अक्षर लागत नव्हतं, पण मोजता येत होतं. आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक शोधणं, हेच तर तिचं आयुष्य होतं.

तिनं जुनं पहिलं प्रकरण मोजलं. अकरा पानं. बाई म्हणाल्या होत्या तेवढीच.

मग नवी मोजली. मग परत मोजली.

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "विसरलेलं माणूस पहिलं प्रकरण परत लिहील. अकरा पानं लिहील आणि थांबेल. ही तेरा आहेत. ही दोन जास्तीची कुठून आली?"

मावशीचा पदर तोंडावरून खाली आला.

"शेवटची दोन वाचलीस?"

"मी... चारांपुढे नाही गेले. मी पुढचं पान कधी बघत नाही."

"माहीत आहे. बाईंनाही माहीत आहे." जुळणीताईनं पानं टाइपरायटरजवळ ठेवली. "चार वीस झालेत. बघू नकोस, नुसतं टाइप कर."

७

त्या चाळीस मिनिटांबद्दल त्या मजल्यावर अजून बोलतात. म्हणतात, टाइपरायटरमधून धूर निघाला. धूर नव्हता, पण टेबल चालत चालत भिंतीपर्यंत गेलं, हे जुळणीताईनं स्वतः पाहिलं. मावशी अकरा पानांकडे बघतच नव्हती. डोळे मिटलेले, बोटांना सगळं पाठ. ज्या पानांनी गळफास लावला होता तीच आता घोड्यासारखी दौडत होती.

आवाज ऐकून दाराशी गर्दी झाली. कात्री आला. मॅडम आल्या, घड्याळावरचं बोट न काढता. जावईबापू बाईंना हाताला धरून घेऊन आले आणि खुर्ची दिली. पानं मिळाली एवढंच जुळणीताईनं सांगितलं. कुठे, कशी, हे कोणी विचारलं नाही, कारण कात्री एकेक उतरलेला कागद खेचून मोठ्यानं वाचायला लागला होता आणि त्याचाही चेहरा पडत चालला होता.

"हे तर पहिल्या खंडातलं..." त्यानं बाईंकडे बघितलं आणि जीभ चावली.

मॅडमनं जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी खिशातला लिफाफा घट्ट धरला. खोलीत दया अशी पसरली, की गुदमरायला व्हावं.

बाई शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होत्या.

अकरावं पान संपलं. नाव धुक्यात दिसेनाशी झाली. पहिल्या खंडात इथे प्रकरण संपतं आणि गोष्ट नावेबरोबर पलीकडच्या काठाला जाते.

मावशीनं डोळे उघडले. बारावं पान उचललं. बोटं थांबली, मग एकेक अक्षर करत पडू लागली, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसासारखी. कात्री तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"'या खेपेला गोष्ट नावेत बसली नाही. ती काठावर राहिली, त्या बाईजवळ.'" त्यानं पुढची ओळ उमटायची वाट पाहिली. "'तिनं करडी शाल सावरली. रिकाम्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावरची खूण चोळली. ती खूण तिला कुठे मिळाली ते तिला आठवत होतं. बाकी बरंच आठवत नव्हतं.'"

कात्री थांबला. मग एकदम ओरडला, "ती स्वतःच! अहो, ती म्हातारी म्हणजे सुईणच! स्वतःच्याच जन्माला पोचली, स्वतःचीच नाळ कापली आणि स्वतःलाच नावाड्याच्या हातात... तीस वर्षं समोर होतं सगळं! सहाव्या खंडात अंगठा भाजतो!"

"कार्ड दोनशे एकोणनव्वद," जुळणीताई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"यातलं एक अक्षर मी कापणार नाही," कात्री मॅडमना म्हणाला. "कापायला लावलंत तर मी काम सोडतो."

"गप्प बसा हो, पुढचं वाचू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट घड्याळावरून केव्हाच निघालं होतं.

बाईंनी मावशीकडे पाहिलं. "तुला वाटलं, मी विसरले."

मावशीनं मान खाली घातली. "हो, बाई."

"विसरते की. परवा घर विसरले. उद्या तुलाही विसरेन कदाचित. म्हणून तर पाठ होतं ते आधी लिहून घेतलं, आणि त्याला धरून धरून पुढे गेले." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "गंमत द्यायची होती तुला. तू एकटीच अशी आहेस, जी पुढचं पान बघत नाही. तीस वर्षं मी तुझ्यासाठीच लिहिलं गं, बाकीच्यांनी नुसतं विकत घेतलं."

जावईबापूंनी लिफाफा काढला, बघितला, आणि परत खिशात ठेवला. डॉक्टरकडे उद्या जायचंच होतं. पण ते उद्या.

पाचला सात मिनिटं होती. मावशीनं शेवटचं, तेहेतिसावं पान उचललं. डोळे पुसले, कार्बन नीट केला, पहिली ओळ टाइप केली.

तेवढ्यात बाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि मान उंचावून विचारलं,

"पुढे काय होतं गं?"

सगळे दचकले. बाईंच्या चेहऱ्यावर खोडी होती की खरंच प्रश्न होता, हे जुळणीताईलाही ओळखता आलं नाही, आणि तिनं तेवीस वर्षं चेहरेच जुळवले होते.

मावशीनं मात्र वळूनही पाहिलं नाही.

"पान संपल्याशिवाय सांगायचं नाही, बाई," ती म्हणाली. "तुमचाच नियम आहे."

"बरं बाई," म्हणत बाई मागे टेकल्या, आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसल्या. खटखट, खटखट.